साताऱ्यात साखळीला बांधून उपाशी ठेवलेली कुत्री तात्पुरती घरी आणली आहे. ती कोपऱ्यातून हलत नाही. दत्तक कधी द्यावी?

घाई करू नका. आधी पोट आणि रक्त, मग मन, मग दत्तक.

बरेच दिवस उपाशी असलेल्या कुत्र्याला दया येऊन भरपेट वाढणं धोक्याचं असतं. रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम एकदम घसरून जीवही जाऊ शकतो. भात आणि उकडलेलं बिनहाडाचं चिकन, मीठ-कांदा-लसूण न घालता, थोडं थोडं दिवसातून चार-पाच वेळा द्या. प्रमाण डॉक्टरांना विचारूनच वाढवा. हिरड्या फिकट दिसत असतील तर गोचिडांच्या तापासाठी रक्त तपासून घ्या. गोठ्यातलं गोचिडांचं औषध अंदाजाने चोळू नका, अशक्त कुत्रीला ते बाधतं. गावात निदान होत नसेल तर शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आपल्याच जिल्ह्यात आहे.

कोपऱ्यातून ओढून काढू नका. तिथेच गोणपाट टाका, पाणी ठेवा, जवळ पाठमोरे बसा. ती स्वतः येऊन हात हुंगेल तेव्हाच मानेखाली खाजवा, डोक्यावरून हात नको. साखळी पुन्हा गळ्यात नकोच, पट्टा छातीचा घ्या.

जंतनाशक, रेबीजसह लसी आणि तब्येत सुधारल्यावर नसबंदी झाली, अनोळखी माणसासमोर ती जेवू लागली, की घर शोधा. घेणाऱ्यांना दोन-तीनदा बोलवा, त्यांचं घर बघा, घरमालकाची परवानगी विचारा. ‘शेतावर राखणीला हवी’ म्हणणाऱ्याला मी तरी देणार नाही. ती पुन्हा साखळीलाच जाईल. नाहीच जमलं तर परत तुमच्याकडेच आणायची, हे लेखी घ्या.