‘मान्सून’ हा ब्रिटिश बँड एवढ्या लवकर का संपला?

१९८२ साली इंग्लंडमध्ये ‘एव्हर सो लोन्ली’ हे गाणे गाजवणाऱ्या ‘मान्सून’ या बँडचे पुढे काय झाले, आणि त्यांचे संगीत खरोखर भारतीय होते की सतार-तबल्याची नुसती सजावट होती, असे आपण विचारले आहे. मी गाणे शिकतो आणि थोडेफार शिकवतोही. त्यामुळे दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला जरा सविस्तर द्यावेसे वाटते, कारण माझ्या मते पहिल्या प्रश्नाचे उत्तरही त्यातच दडलेले आहे.

‘मान्सून’मध्ये मुळात तिघे होते: गीतकार आणि निर्माता स्टीव्ह को, बास आणि गिटार वाजवणारा मार्टिन स्मिथ, आणि गायिका शीला चंद्रा. शीलाचा जन्म १९६५ साली लंडनमध्ये एका भारतीय कुटुंबात झाला. गायिका म्हणून नाव होण्यापूर्वीच ती ब्रिटनमधल्या घराघरांत ओळखीची होती, कारण बीबीसीवरच्या ‘ग्रेंज हिल’ या शाळकरी मुलांच्या मालिकेत ती सुधामणी पटेल नावाच्या विद्यार्थिनीचे काम करत असे. दुसऱ्या एका ध्वनिमुद्रण कंपनीकडे तिने चाचणीसाठी गायलेली टेप को यांच्या कानावर पडली आणि आपल्या मनातल्या संगीताला हवा असलेला आवाज त्यांना सापडला.

१९८१ मध्ये या तिघांनी चार गाण्यांची एक तबकडी को यांच्या स्वतःच्या ‘इंडीपॉप’ या छोट्या लेबलवर, म्हणजे ध्वनिमुद्रण कंपनीच्या नावाखाली, काढली. आपल्याकडे नव्वदच्या दशकात ‘इंडीपॉप’ हा शब्द भारतीय पॉप संगीतासाठी सर्वांच्या तोंडी रुळला, पण तो एका तबकडीवर त्याच्या दहा-बारा वर्षे आधीच छापला गेला होता, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्या तबकडीमुळे फोनोग्राम या बड्या कंपनीचे लक्ष त्यांच्याकडे गेले. ‘एव्हर सो लोन्ली’ ह्यू जोन्स या निर्मात्याच्या हाताखाली नव्याने ध्वनिमुद्रित झाले आणि १९८२ च्या वसंतात ते ब्रिटिश लोकप्रियता यादीत बाराव्या क्रमांकापर्यंत चढले. ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या बीबीसीच्या लोकप्रिय गाण्यांच्या कार्यक्रमाच्या मंचावर भारतीय वेशात, कपाळावर टिकली लावून गाणारी शीला तेव्हा नुकतीच सतरा वर्षांची झाली होती.

आता सजावटीचा प्रश्न. पॉप गाण्यात सतार आणणे १९८२ मध्ये नवे नव्हते. साठच्या दशकात ते पुष्कळांनी केले होते. परंतु बहुतेक वेळा गाण्याची चाल आणि तिच्याखालचे कॉर्ड्स (एकाच वेळी वाजणारे स्वरांचे गुच्छ) पाश्चात्त्य पद्धतीचेच राहत आणि सतार वर रंगासारखी लावली जाई. घरी पेटी असेल तर एक प्रयोग करून पाहा. डाव्या हाताने भाता चालू ठेवून उजव्या हाताच्या करंगळीने वरचा सा दाबून धरा आणि त्याच हाताच्या बाकीच्या बोटांनी खाली आधी सा-ग-प वाजवा, मग नुसते म-ध वाजवा, म्हणजे वरच्या सा सह म-ध-सा होईल. तुमचा सा तसूभरही हललेला नसतो, पण दुसऱ्या वेळी कानाला तो घरी पोहोचलेला सा वाटत नाही, तर मध्यमाचा पंचम, म्हणजे म पासून मोजलेला पाचवा स्वर, वाटतो. कॉर्ड बदलला की प्रत्येक स्वराचे नाते बदलते, आणि आपल्या संगीतात राग ज्या नात्यावर उभा असतो तेच नाते हातातून सुटते. तंबोरा अखंड का वाजत राहतो, हे मला माझ्या गुरुजींनी याच प्रयोगाने समजावले होते.

को यांना हे उमगले होते. ठरावीक स्वरांची चौकट, खालून अखंड वाहणारा आधारस्वर आणि त्यावर पॉपची लय, असे त्यांचे गणित होते. म्हणूनच ‘एव्हर सो लोन्ली’ ऐकताना शब्द थोडे आणि पुन्हा पुन्हा येणारे असूनही कंटाळा येत नाही; एखादी बंदिशीची ओळ घोळवावी तसे ते वाटते. मी त्याला शास्त्रीय संगीत मुळीच म्हणणार नाही, पण सजावट म्हणणेही अन्यायाचे ठरेल.

त्यांच्या ध्वनिमुद्रणात सतार वाजवणारे दीपक खजांची यांचा उल्लेख येथे केलाच पाहिजे. त्याच वर्षी ‘ब्लामांज’ या सिंथपॉप (सिंथेसायझरवर आधारलेले पॉप) जोडीच्या ‘लिव्हिंग ऑन द सीलिंग’ या गाण्यातली सतारही त्यांचीच होती आणि ते गाणे सातव्या क्रमांकापर्यंत गेले. पुढे ब्रिटनमधल्या भांगडा संगीताचे निर्माते म्हणून खजांची यांनी मोठे काम केले. ‘ब्लामांज’च्या स्टीफन लस्कमने तर १९८४ मध्ये तबलावादक पंडित दिनेश यांच्याबरोबर ‘वेस्ट इंडिया कंपनी’ हा गट काढून थेट आशा भोसले यांना गायला बोलावले. आशाताईंच्या चाहत्यांनाही हे काम फारसे ठाऊक नसते.

आता बँड का संपला ते सांगतो. ‘शक्ती’ हे पुढचे गाणे एकेचाळिसाव्या क्रमांकावर अडकले. त्यानंतर त्यांनी बीटल्सचे ‘टुमॉरो नेव्हर नोज’ हे गाणे घेतले. ही निवड मला अतिशय जाणतेपणाची वाटते, कारण १९६६ च्या मूळ गाण्यातच तंबोऱ्याचा नाद आहे आणि ते गाणे जवळजवळ संपूर्णपणे एकाच आधारावर चालते. बिल नेल्सन या इंग्लिश गिटारवादकाची गिटार असूनही तेही फारसे चालले नाही. संगीताची दिशा कोणी ठरवायची यावरून कंपनीचा दबाव वाढत गेला आणि १९८२ संपण्यापूर्वीच तिघांनी बँड मोडला. ‘थर्ड आय’ हा त्यांचा एकमेव अल्बम १९८३ मध्ये बाजारात आला, तेव्हा त्याचा प्रचार करायला बँडच उरलेला नव्हता.

पण माणसे वेगळी झाली नाहीत. को आणि स्मिथ शीलाबरोबर ‘इंडीपॉप’वर परतले आणि १९८४-८५ या दोन वर्षांत तिचे चार अल्बम आले. त्यांतल्या एकाचे नावच ‘नादब्रह्म’ आहे. नंतर ब्रिटिश गायक पीटर गॅब्रिएलच्या ‘रिअल वर्ल्ड’ लेबलसाठी तिने १९९२ ते १९९६ या काळात तीन अल्बम केले. त्यांत तबल्याचे बोल आणि कर्नाटक संगीतातले कोन्नक्कोल (तालाचे बोल) ती निव्वळ तोंडाने म्हणते, आयरिश लोकगीताला भारतीय आलापाशी जोडते, आणि तिसऱ्या ‘अ बोन क्रोन ड्रोन’मध्ये तर मुख्य पात्र म्हणजे तो आधारस्वरच आहे. २००९ च्या सुमारास तिला तोंडाची आग होण्याचा असाध्य विकार जडला आणि बोलणेही वेदनादायक झाल्याने तिचे गाणे थांबले. याचे मला मनापासून दुःख आहे.

ऐकायला सुरुवात करणार असाल तर रात्री, शक्यतो हेडफोन लावून, आधी ‘थर्ड आय’ संपूर्ण ऐका आणि लगेच ‘अ बोन क्रोन ड्रोन’ लावा. दुसऱ्याची पहिली पाच मिनिटे काहीच घडत नाही असे वाटेल. तेव्हा आवाज वाढवू नका, तंबोरा जुळवताना जसे कान देतो तसे त्या नादातून आपोआप उमटणाऱ्या वरच्या स्वरांकडे कान द्या.