साखर निघालीय? आधी ताटाकडे बघा

ताई, रिपोर्ट बघून घाबरू नका. सगळं एकदम सोडायलाही जाऊ नका, आठवड्यात कंटाळाल. सध्या एवढंच धरा:

– चहात साखरेऐवजी गूळ नको. आपल्या सांगलीचा गूळ कितीही चांगला असला तरी रक्तातली साखर तोही वाढवतोच. बहुतेकांची पहिली चूक हीच.
– भाकरी ज्वारीची असली तरी मोजून. अर्धं ताट भाजीचं: मेथी, शेपू, दोडका, शेजारी मटकीची उसळ. भात थोडाच.
– बीपीही असेल तर लोणचं-पापड कमी. दिवसाचं मीठ सगळं मिळून 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक सपाट छोटा चमचा.

गोळ्या मनाने बंद करू नका. गोळ्या चालू असताना उपवाससुद्धा डॉक्टरांना विचारूनच. तीन महिन्यांनी एचबीएवनसी ही रक्ततपासणी करा, मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी कळेल. ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे कुठला पदार्थ साखर किती झपाट्याने वाढवतो त्याचा आकडा, वगैरे नंतर बघू.