बाक वाकडा नाही, पोर्तुगीज आहे

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका वाचकाचा प्रश्न आहे: लोकसभेत अध्यक्षांच्या उजव्या हाताला सरकार पक्ष बसतो आणि डाव्या हाताला विरोधक, मग विरोधी बाकांवरच्या सगळ्यांना 'डावे' म्हटलं तर काय चुकलं?

चुकलंच. 'डावे-उजवे' हे १७८९ च्या फ्रान्समधलं. तिथल्या राष्ट्रीय सभेत राजाच्या अधिकारांची कड घेणारे अध्यक्षांच्या उजवीकडे बसू लागले, त्यांना विरोध करणारे डावीकडे, आणि पुढं ती नावं विचारांना चिकटली. आपल्याकडं सत्ता बदलली की माणसं या बाजूची त्या बाजूला जातात. विचार काही जागा बदलल्यानं बदलत नाहीत.

मला खरी चीड येते ती 'सदस्यांनी बाके वाजवली' या बातमीतल्या वाक्याची. अहो, बाकावर बसतात! लोकसभेत हात आपटतात तो समोरच्या मेजावर. 'मेजं वाजवली' लिहायला काय जड जातं?

आणि हा बाक आला कुठून? एका कोशप्रेमी गृहस्थांनी मला ठासून सांगितलं की तो 'वक्र'पासून आला, कारण सभागृहातली बैठक घोड्याच्या नालेसारखी वळलेली असते. साफ चूक. 'वक्र'वरून आला तो पाठीला येणारा बाक, आणि तो पुल्लिंगी. बसायच्या बाकाचं अनेकवचन आपण 'बाके' करतो, म्हणजे तो नपुंसकलिंगी चालतो. शाळेतलं बाक बघा, फूटपट्टीसारखं सरळ! हा शब्द पोर्तुगीज 'बांकु'चा. जुन्या लिहिण्यात 'बांक' असा अनुस्वार सापडतो, तो तिथलाच. त्याच घराण्यातला इटालियन 'बांको' म्हणजे पैशांची देवघेव करणाऱ्यांचं बाकडं, आणि त्यातून निघाली आपली 'बँक'. गुजरीतले सराफ गादीवर बसायचे, म्हणून आपल्याकडं दुकानालाच 'गादी' म्हणायची पद्धत पडली. तिकडं बाकावर बसले, म्हणून बँक झाली. दोन्हीकडं धंद्याला नाव मिळालं ते बुडाखालच्या वस्तूचं.

आता माझं मत. हा शब्द आपल्याकडं रुळला तो वसई-गोव्याच्या चर्चमधून. मांडी घालून जेवणाऱ्या, कीर्तनाला सतरंजीवर बसणाऱ्या समाजाला ओळीनं मांडलेली लांब बाकं दुसरीकडं कुठं दिसणार? योगायोग असा की ब्रिटनच्या कॉमन्स सभागृहाची समोरासमोरची बैठकही प्रार्थनागृहातलीच. सोळाव्या शतकाच्या मध्यावर सदस्य सेंट स्टीफन्स चॅपेलमध्ये बसू लागले, आणि गायकवृंदासाठी दोन बाजूंना असलेल्या आसनांवरच सरकार आणि विरोधक समोरासमोर आले. १८३४ च्या आगीत ती जागा गेली, मांडणी टिकली. तिथं मागच्या सदस्यांपुढं मेजंच नसतात, त्यामुळं वाजवायचा प्रश्नच नाही.

रंकाळ्यावर गेलात तर 'बाकडं'च म्हणा. आपला 'डं' लागून तो पोर्तुगीज शब्द पुरता कोल्हापुरी झालाय.