वाचकांचे प्रश्न : हृदयातली वळणारी शीथ

प्रश्न : वडिलांना (वय ६४) एट्रिअल फिब्रिलेशन (हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे अनियमित ठोके) आहे. डॉक्टरांनी अ‍ॅब्लेशन (हृदयात बारीक डाग देऊन बिघडलेले ठोके थांबवण्याचा उपचार) सुचवलंय. खर्चाच्या अंदाजात कॅथेटर वेगळं आणि ‘स्टिअरेबल शीथ’ वेगळी धरली आहे. कॅथेटर स्वतःच वळतं, मग ही आणखी एक वळणारी नळी कशाला? – एक वाचक, नाशिक

उत्तर : शीथ ही बाहेरची नळी; तिच्यातून डाग देणारं बारीक कॅथेटर आत जातं. कॅथेटर वळतं, पण फक्त टोकाकडचे काही सेंटिमीटर. बाकी लांबी लवचिकच. जांघेतल्या शिरेतून ते उजव्या अलिंदात (हृदयाच्या वरच्या कप्प्यात) येतं, दोन अलिंदांमधल्या पडद्याला पाडलेल्या छिद्रातून डावीकडे जातं, आणि तिथे त्याला पाठीमागून टेकू देणारं काहीच नसतं. हृदय धडधडत असतं, श्वासाबरोबर वरखाली होत असतं. टोक भिंतीवरून निसटत राहतं.

हे निसटणंच महागात पडतं. हा आजार बहुतेकदा फुप्फुस शिरांच्या तोंडाशी पेटतो, हे बोर्दोच्या मिशेल हाइसागेर यांच्या चमूने १९९८ मध्ये दाखवलं. म्हणून त्या शिरांभोवती डागांचं अखंड कडं करतात. रेडिओफ्रिक्वेन्सीचा (विजेच्या लहरींच्या उष्णतेने दिलेला) डाग भिंतीच्या आरपार जायला टोक एकाच जागी, साधारण १० ते २० ग्रॅम दाबाने टेकून राहावं लागतं. टेकणं कमी पडलं की डाग वरवरचा होतो. त्या दिवशी सुजेमुळे विद्युतप्रवाह अडल्यासारखा दिसतो, सूज उतरली की वाट पुन्हा मोकळी होते आणि ठोके परत बिघडतात.

दोन जागा विशेष अवघड. एक, डाव्या फुप्फुस शिरा आणि डाव्या अलिंदाला जोडलेली छोटी पिशवी यांच्यामधला अरुंद वरंबा. तिथून टोक सारखं घसरतं. दुसरी, उजवीकडची खालची शीर. ती पडद्यातल्या छिद्राच्या इतकी जवळ असते की कॅथेटरला आत शिरताच पटकन मागे वळावं लागतं. शीथच वाकवता आली तर दोन्ही जागी कॅथेटरला भक्कम आधार मिळतो. लाइपझिगमध्ये १३० रुग्णांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत, एकाच प्रोसीजरनंतर सहा महिन्यांनी वळणाऱ्या शीथच्या गटात ७६ टक्के, तर साध्या शीथच्या गटात ५३ टक्के रुग्ण बरे राहिले.

मात्र प्रत्येक अ‍ॅब्लेशनला ती लागत नाही. एव्हीएनआरटीसारख्या (अचानक सुरू होणारी जलद धडधड) उजव्या बाजूच्या कामाला सहसा गरज पडत नाही, आणि नेहमीच्या फ्लटरला (अलिंदाचे जलद पण नियमित ठोके) ठरावीक वळणाची लांब शीथ अनेकदा पुरते. क्रायोबलूनची (गोठवून डाग देणारा फुगा) तर स्वतःचीच जाड वळणारी शीथ असते. तुमच्या वडिलांना रेडिओफ्रिक्वेन्सीने डाव्या अलिंदात काम व्हायचं असेल, तर हा खर्च वाचवू नका, असंच आमचं मत.

प्रश्न : मी कॅथलॅब टेक्निशियन आहे. शीथ कितीही फ्लश केली तरी कधीकधी बुडबुडे दिसतात. नेमकं कुठे चुकतं? – कोल्हापूर

उत्तर : हा प्रश्न विचारलात हे फार चांगलं केलंत. उजव्या बाजूचा बुडबुडा फुप्फुसात अडकतो, डाव्या बाजूचा थेट मेंदूकडे किंवा हृदयाच्या धमनीत जातो.

हवा बहुतेकदा मागच्या व्हॉल्व्हमधून येते. कॅथेटर किंवा डायलेटर (शीथ आत सरकवताना तिच्या आत असलेली निमुळती नळी) झपकन ओढला की तो पिचकारीच्या दट्ट्यासारखा वागतो आणि शीथमध्ये पोकळी तयार होते. म्हणून बाहेर काढायचं ते सावकाश, बाजूच्या पोर्टवर सलाइन चालू ठेवून. शीथचं मागचं टोक हृदयाच्या पातळीच्या खाली धरा. नंतर रक्त हळू ओढा, जमल्यास आपोआप येऊ द्या, नळीवर टिचकी मारा, आणि रक्तात एकही बुडबुडा नाही हे दिसल्यावरच फ्लश करा. जोराने ओढलंत तर व्हॉल्व्हमधून नवी हवा तुम्हीच आत घ्याल.

गुंगीत घोरणारा रुग्ण असेल तर दुप्पट जपा. घसा अडून खोल श्वास ओढला की डाव्या अलिंदातला दाब बाहेरच्या हवेपेक्षाही खाली जाऊ शकतो.

ईसीजीत लीड टू, थ्री आणि एव्हीएफमध्ये (हृदयाच्या खालच्या भागाचे आलेख) एसटी, म्हणजे मोठ्या टोकानंतरची रेषा, अचानक उचलला गेला, तर आधी हवेचा संशय घ्या. रुग्ण उताणा असताना उजव्या कोरोनरीचं (हृदयाच्या उजव्या धमनीचं) तोंड वरच्या अंगाला असतं, त्यामुळे बुडबुडा तिकडेच जातो. १०० टक्के ऑक्सिजन आणि सलाइन दिल्यावर बहुतेकदा काही मिनिटांत ते उतरतं, पण डॉक्टरांना त्याच क्षणी सांगा.

रक्ताच्या गुठळीचंही तेच, तीही डाव्या बाजूने मेंदूकडे जाऊ शकते. हेपारिन (रक्त गोठू न देणारं औषध) देऊन एसीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) ३०० सेकंदांच्या वर ठेवतात. लक्ष्य गाठेपर्यंत १०-१५ मिनिटांनी, मग अर्ध्या तासाने मोजतात. पोर्टवरची हेपारिन-सलाइनची धार मध्येच थांबली नाही ना, हे बघणारा माणूस ठरलेला असावा. सगळ्यांचं काम ते कुणाचंच होत नाही.

दोन बारीक गोष्टी. शीथ आत सरकवताना किंवा बाहेर काढताना नॉब मधोमध, म्हणजे टोक सरळ असू द्या. वाकलेल्या अवस्थेत ओढल्यास पडदा किंवा शीर फाटू शकते. आणि दाब मोजणाऱ्या कॅथेटरचं टोक शीथच्या पुरतं बाहेर आल्याशिवाय स्क्रीनवरच्या ग्रॅमवर विश्वास ठेवू नका. आधार मिळाला की दाब नकळत वाढतो, आणि ४० ग्रॅमच्या पुढे अलिंदाची पातळ भिंत फुटण्याची भीती असते.

प्रश्न : शीथ निर्जंतुक करून पुन्हा वापरता येते का? – पुणे

उत्तर : ती एकदाच वापरायची वस्तू आहे. नळीच्या भिंतीतून दोन बारीक तारा टोकापर्यंत जातात. नॉब फिरवला की त्या ओढल्या जाऊन टोक वाकतं. अ‍ॅजिलिस या ब्रँडसारख्या शीथमध्ये एका बाजूला १८० आणि दुसऱ्या बाजूला ९० अंश. वापरानंतर या तारा सैल होतात, व्हॉल्व्ह गळू लागतो, आणि वाकलेल्या अरुंद नळीत सुकलेलं रक्त पूर्ण निघाल्याची खात्री देता येत नाही. नवी शीथच वापरली याची नोंद राहावी म्हणून बिलासोबत पाकिटावरचा लॉट नंबराचा स्टिकर मागून घ्या.

प्रश्न : अ‍ॅब्लेशन होऊन चार दिवस झाले. जांघेत काळंनिळं पडलंय, गाठही लागते. – ठाणे

उत्तर : शीथ आतून ८.५ फ्रेंच, म्हणजे २.८ मिलिमीटर असली तरी बाहेरून जवळपास चार मिलिमीटर भरते, आणि तुमची रक्त पातळ करणारी गोळीही चालू असणार. काळंनिळं पसरत खाली मांडीवर उतरणं आणि लहानशी कडक गाठ राहणं नेहमीचं आहे. काही आठवड्यांत जातं. गाठ वाढत असेल, ठोक्याबरोबर उडत असेल, हात ठेवल्यावर थरथर जाणवत असेल किंवा पाय सुजला असेल, तर त्याच दिवशी डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करून घ्या. ताजं रक्त येऊ लागलं तर आडवं होऊन जागेवर घट्ट दाबा आणि रुग्णालय गाठा. गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका. अ‍ॅब्लेशननंतर ती किमान दोन महिने लागतेच.