लक्षात ठेवण्याचा आणि जनुकांचा काय संबंध? जनुके तर जन्मापासून तीच असतात ना?

जनुके तीच राहतात, पण त्यातली कोणती कधी चालू होतात हे बदलत राहते. सगळी गंमत तिथेच आहे.

मेंदूशास्त्रज्ञ एरिक कँडेल यांनी हे अॅप्लिशिया या समुद्री गोगलगाईवर शोधले (२००० चे नोबेल). तिच्या चेतापेशींवर सेरोटोनिन (चेतापेशींमधले एक निरोप्या रसायन) एकदाच सोडले, तर त्या पेशींमधली जोडणी काही मिनिटांपुरती बळकट होते, म्हणजे अल्पकालीन स्मृती. पेशीत आधीपासून असलेल्या प्रथिनांत थोडा फेरफार झाला की तेवढे भागते, जनुकांना हात लावावा लागत नाही. तेच सेरोटोनिन थांबून थांबून पाच वेळा दिले की परिणाम दिवसभराहून जास्त टिकतो, म्हणजे दीर्घकालीन स्मृती. कारण आता पीकेए नावाचे एन्झाइम पेशीच्या केंद्रकात शिरते आणि क्रेब-१ या प्रथिनाला जागे करते. क्रेब-१ ठरावीक जनुके चालू करते, नवी प्रथिने बनतात आणि नवे सिनॅप्स (चेतापेशींमधले सांधे) फुटतात. प्रथिननिर्मिती औषधाने रोखली, तर अल्पकालीन स्मृती शाबूत राहते, दीर्घकालीन मात्र तयारच होत नाही.

मला सर्वात भारी वाटते ते क्रेब-२ हे दुसरे प्रथिन. हे ब्रेकचे काम करते. शास्त्रज्ञांनी ते निकामी केले, तेव्हा सेरोटोनिनचा एकच डोस दीर्घकालीन बदलाला पुरला! म्हणजे प्रत्येक फुटकळ गोष्ट कायमची कोरली जाऊ नये, याचीही सोय पेशीतच आहे.

उंदीर आणि फळमाशीतही क्रेबची अशीच भूमिका दिसते. माणसात अर्थात मामला बराच गुंतागुंतीचा आहे.