एल्कच्या शिकारीसाठी कस्टम रायफल बांधायची आहे. जुनी माउझर ९८, रेमिंग्टन ७०० की विंचेस्टर ७०, कुठली बोल्ट ॲक्शन (हाताने मागेपुढे सरकवायचा बोल्ट आणि तो ज्यात बसतो तो रिसीव्हर) घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की कोलोरॅडोत राहता, काडतूस .३०-०६ ठरलंय, आणि एक लष्करी माउझर स्वस्तात मिळतेय. माझं मत आधीच सांगतो: ती माउझर सोडा, नख (काडतुसाची कड पकडणारा आकडा) असलेली विंचेस्टर ७० शोधा. आता कारणं.

काडतूस आधी ठरवलंत हे फार बरं केलंत, कारण ॲक्शनची लांबी आणि बोल्टच्या तोंडाचं माप दोन्ही तेच ठरवतं. भरलेलं .३०-०६ जास्तीत जास्त ३.३४ इंच लांब, म्हणजे लाँग ॲक्शन हवी. .३०८ हे २.८१ इंचांचं, ते शॉर्टमध्ये बसतं. बुडाचा व्यास दोघांचाही ०.४७३ इंच. पुढेमागे .३०० विन मॅग (विंचेस्टर मॅग्नम) या जाड काडतुसाची नळी चढवू असं मनात असेल, तर त्याचं बूड ०.५३२ इंच आहे. मग बोल्ट बदला नाहीतर त्याचं तोंड मोठं करून घ्या, वर मॅगझिनही जुळवत बसा. एकाच ॲक्शनवर चार काडतुसं खेळवायचा बेत कागदावरच छान दिसतो.

आता खरा मुद्दा. नळी नीट बसवलेली असेल तर या तिन्ही ॲक्शन एल्कसाठी पुरेशा अचूक असतात. फरक पडतो तो काडतूस आत कसं जातं आणि पुंगळी बाहेर कशी येते, यात. माउझरच्या बोल्टला बाजूने एक लांब, जाड नख असतं. बोल्ट पुढे ढकलला की मॅगझिनमधून वर आलेल्या काडतुसाची कड सरळ त्या नखाखाली सरकते आणि तिथून पुढे काडतूस बोल्टच्या ताब्यात राहतं. अर्ध्यावर हात थांबला आणि बोल्ट मागे ओढलात, तर तेच काडतूस बाहेर पडतं. पुश फीडमध्ये, म्हणजे रेमिंग्टनमध्ये, बोल्ट काडतुसाला नुसता ढकलतो, पकड बसते अगदी शेवटी. घाईत अर्ध्यावरून मागे ओढून पुन्हा पुढे ढकललंत की पहिलं चेंबरच्या (नळीत काडतूस बसतं त्या जागेच्या) तोंडात आणि दुसरं त्याच्या बुडाला टेकलेलं. झालं, अडकलं. हातमोजे घातलेले, जखमी एल्क झाडीत शिरतोय, अशा वेळी हे होऊ नये.

नखाच्या ॲक्शनचीही खोड आहे. काडतूस हाताने थेट चेंबरमध्ये टाकून बोल्ट मिटायला गेलात, तर बऱ्याच जुन्या माउझरमध्ये नख कडेवरून उडी मारत नाही. जोर केलात तर तुटतं. काडतूस नेहमी मॅगझिनमध्ये दाबूनच भरायचं. शिवाय तिचा इजेक्टर (पुंगळी बाहेर फेकणारा भाग) पक्का बसवलेला असतो, त्यामुळे बोल्ट मऊपणे ओढला तर पुंगळी मऊपणेच पडते, कधी ॲक्शनमध्येच. शेवटपर्यंत जोरात ओढायची सवय लावा.

मग माउझर का नको? १८९८ ची ती रचना आजही उत्तमच आहे. खर्च आहे तो लष्करी ॲक्शन शिकारीला लायक करण्यात. बोल्टची मूठ स्कोपला आपटते, म्हणून कापून नवी वेल्ड करावी लागते, आणि वेल्डची उष्णता पुढच्या लगपर्यंत (बोल्टला जागी अडकवणाऱ्या उंचवट्यापर्यंत) पोचली तर बोल्ट बाद. स्कोपच्या बेससाठी भोकं पाडून आटे घ्यायचे, वर उभी राहणारी सेफ्टी बदलायची, दोन टप्प्यांचा ट्रिगर बदलायचा. ८×५७ च्या मॅगझिनमध्ये काडतूस ८२ मिमी असतं, .३०-०६ जवळपास ८५. पेटी आतून मोजल्याशिवाय पैसे देऊ नका. युगोस्लाव्ह एम४८ असेल तर ती ॲक्शन नेहमीच्या ९८ पेक्षा आखूड, बाजारातला ९८ चा दस्ता तिला बसत नाही. सगळ्यात वाईट म्हणजे या पोलादाचा फक्त वरचा थर कडक केलेला असतो. तो झिजला किंवा कुणी घासून काढला असेल, तर लग आपल्या बैठकीत खड्डा पाडतात आणि हेडस्पेस (बोल्टचं तोंड आणि चेंबरमध्ये काडतूस टेकतं ती जागा यांतलं अंतर) वाढत जाते. मूठ उचलताना बोल्ट खाचेतून वर चढतोय असं हाताला लागलं, तर ती ॲक्शन तिथेच ठेवा.

रेमिंग्टन ७०० ची (१९६२) ताकद तिच्या गोल अंगात आहे: लेथवर सरळ करायला सोपी, आणि दस्ते, ट्रिगर, बेस यांचा महापूर. डिफायन्ससारख्या कस्टम ॲक्शन याच मापाला धरून बनतात त्या उगीच नाही. पण रिकॉइल लग (गोळीचा मागचा धक्का दस्त्यावर टेकवणारा भाग) ही नळी आणि रिसीव्हरमध्ये चेपलेली सुटी चकती आहे, नळी आवळताना फिरते. जाड, घासून सपाट केलेली घ्या. मूठ ब्रेझ केलेली असते, जोड बारकाईने पाहा. २००६ ते २०१४ मधली रायफल मोडून ॲक्शन घेणार असाल तर एक्स-मार्क प्रो ट्रिगरचा २०१४ चा रिकॉल तपासा.

विंचेस्टर ७० (१९३६) मध्ये माउझरचं नख आहे, रिसीव्हरचा तळ सपाट आहे, रिकॉइल लग अंगचाच आहे. सेफ्टी तीन टप्प्यांची. मधल्या टप्प्यावर फायरिंग पिन (काडतुसावर आपटणारी सुई) अडवलेली राहते आणि तरी बोल्ट उघडून काडतुसं काढता येतात. १९६४ साली कंपनीने पुश फीड केलं, नख नव्वदच्या दशकात परत आलं. ६४ पूर्वीच्यांना संग्राहक भाव देतात, तो तुम्ही देऊ नका. नखवाली अलीकडची अख्खी रायफल घेऊन तिची ॲक्शन वापरणं बहुधा सुटी ॲक्शन शोधण्यापेक्षा सोपं जातं. अमेरिकेत रिसीव्हर म्हणजेच कायद्याने बंदूक, त्यामुळे सुटी ॲक्शन ऑनलाइन घेतलीत तरी ती परवानाधारक डीलरकडेच येते.

नळी चढवण्याआधी एवढं करा: दोन्ही लगच्या मागच्या बाजूला मार्करची शाई लावा, बोल्ट मागे ओढत पाच-सहा वेळा मिटा-उघडा. शाई दोन्हीवरून पुसली गेली पाहिजे. एकाच लगवरून गेली तर दुसरा हवेत आहे. टेकलेला लग घासून दोन्ही सारखे बसवायचे ते आत्ताच, कारण चेंबर कापल्यावर घासलंत तर हेडस्पेस वाढते. चेंबर झालं की हेडस्पेस मोजायच्या मापांपैकी गो गेजवर बोल्ट मिटला पाहिजे, नो-गोवर मिटता कामा नये. मग मॅगझिन डमी काडतुसांनी भरा आणि बोल्ट आधी हळू, मग जोरात, मग रायफल आडवी धरून चालवा. गनस्मिथला शेवटचे पैसे त्यानंतर द्या.