पडद्यावरचा परतलेला सैनिक : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : युद्धपटात घरी परतलेल्या सैनिकाच्या कानावर फटाक्याचा आवाज पडतो आणि पडदाभर रणांगण उभं राहतं. पीटीएसडीमध्ये, म्हणजे जबर आघातानंतर जडणाऱ्या मानसिक आजारात, खरंच असं होतं का?

होतं, पण इतकं साग्रसंगीत क्वचितच. भोवतालचं भान पूर्ण सुटणं हे टोकाचं रूप. एरवी फ्लॅशबॅक बहुधा थोडक्यात आटोपतो : तळहाताला घाम, छातीत धडधड, नाकात डिझेलचा वास आणि मागचापुढचा धागा नसलेलं एखादं चित्र. सिनेमातली आठवण मात्र सुरुवात-मध्य-शेवट घेऊन येते, कारण दिग्दर्शकाला तेवढ्यात पूर्वकथाही उरकायची असते.

मानसिक आजारांच्या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या डीएसएम-५ या अमेरिकी पुस्तिकेत लक्षणांचे चार मुख्य गट आहेत : नको असताना घुसणाऱ्या आठवणी, त्या जाग्या करणाऱ्या गोष्टींची टाळाटाळ, विचार-भावनांमधले बदल (अपराधीपणा, जिवलगांबद्दलही काहीच न वाटणं) आणि सततची सावधगिरी व चिडचिड. हे सारं महिन्याहून जास्त टिकावं लागतं. पहिला आणि चौथा गट पडद्यावर भरपूर दिसतो. टाळाटाळ फारशी दिसत नाही. फोन न उचलणाऱ्या माणसाचं चित्रण करणार तरी काय?

विल्यम वायलर यांच्या ‘द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्हज’मध्ये (१९४६) फ्रेड नावाचा माजी सैनिक भंगारात काढलेल्या बॉम्बर विमानात, आपल्या जुन्या जागी जाऊन बसतो. इंजिनं सुरू झाल्याचा भास फक्त कॅमेऱ्याच्या हालचालीतून आणि संगीतातून होतो. फ्रेडच्या चेहऱ्यावर घाम आहे, युद्धाचं एकही दृश्य नाही. नंतरच्या कित्येक चित्रपटांपेक्षा हे अचूक आहे.

प्रश्न : शेवटी नायक ढसाढसा रडतो, सगळं बोलून मोकळा होतो आणि बरा होतो. उपचार असेच असतात?

नाही. एकदाच मन मोकळं करून हा आजार जात नाही. प्रोलाँग्ड एक्स्पोजर या पद्धतीत साधारण ८ ते १५ सत्रं असतात, प्रत्येक सुमारे ९० मिनिटांचं. तोच प्रसंग वर्तमानकाळात, पुन्हापुन्हा सांगायचा, त्याचं ध्वनिमुद्रण घरी ऐकायचं. शिवाय टाळलेल्या गोष्टींची यादी करून कमी भीतीच्या गोष्टीपासून सुरुवात करायची. बिनसतं ते बहुतेक इथेच : भीती शिगेला असताना माणूस तिथून निघून जातो, त्याला हायसं वाटतं आणि पळ काढल्यामुळेच वाचलो हा समज पक्का होतो. घरचे मायेपोटी बाजारहाट, बँक सगळं अंगावर घेतात तेव्हाही तेच होतं. सगळेच पूर्ण बरे होतात असंही नाही.

झटपट बरं होण्याचा हा मोह माहितीपटालाही सुटलेला नाही. जॉन ह्यूस्टन यांच्या ‘लेट देअर बी लाइट’मध्ये चालता न येणारा सैनिक इंजेक्शननंतर पावलं टाकू लागतो. तरीही त्यातले थरथरणारे, अडखळणारे चेहरे अमेरिकी लष्कराला इतके झोंबले की १९४६ मध्ये तयार झालेला हा पट १९८० पर्यंत लोकांसमोर येऊ दिला नाही. पीटीएसडी हे नाव अधिकृत निदानांच्या यादीत आलं तेही १९८० मध्येच.

प्रश्न : असा माणूस हिंसकच होतो का?

बहुसंख्य होत नाहीत. चिडचिड हे लक्षण आहे, गोळीबार नव्हे. दारूची जोड मिळाली की धोका वाढतो, आणि जिवाला धोका असतो तो अनेकदा त्याच्या स्वतःच्याच.

प्रश्न : लघुपटासाठी असं पात्र लिहितेय. काय सांभाळू?

आधी नेमका प्रसंग ठरवा आणि त्याला सतावणारी भावना भीती आहे की अपराधीपणा, तेही. सहकाऱ्याला वाचवू न शकलेला आणि स्वतः स्फोटात सापडलेला, हे दोघं घरी वेगळे वागतील. ट्रिगर, म्हणजे आठवण जागी करणारी गोष्ट, म्हणून धमाका टाळा. रस्त्याच्या कडेला पडलेली पिशवी किंवा मागून येणारी पावलं जास्त खरी वाटतात. हॉटेलात तो भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून बसेल. रात्री कडी लावलेली असूनही पुन्हा तपासायला उठेल. दुःस्वप्नातून दचकून किंचाळत उठण्याचा शॉट इतका वापरून झालाय की तो वगळाच. त्यापेक्षा बायकोचं अंथरूण दुसऱ्या खोलीत दाखवा. ध्वनीमध्ये गोळ्या घालू नका. भोवतीचे आवाज काही क्षण उतरवा आणि समोरचा बोलत असताना याला मध्येच विचारायला लावा, ‘काय म्हणालास?’